कोल्हापूर सर्किट बेंच : कुणाचं प्रकरण इथं चालतं, कागद कोणते, मुदत किती

मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं हायकोर्टाचं न्यायपीठ, 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू आहे. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ लढा दिला. तोवर रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची, सकाळी मुंबईत फोर्टातल्या हायकोर्टात पोचायचं आणि नंबर लागला नाही की तसंच माघारी यायचं, हाच शिरस्ता होता. आता काम सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टात चालतं. बाहेरगावाहून येत असाल तर रिक्षावाल्याला 'हायकोर्ट, सीपीआरसमोर' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'कोर्ट' म्हटलंत तर तो कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात नेऊन सोडेल.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतली प्रकरणं इथं येतात. तुम्ही राहता कुठं यापेक्षा प्रकरण कुठल्या जिल्ह्यातलं हे आधी बघा. इचलकरंजीत राहणाऱ्या माणसाचा पुण्यातल्या फ्लॅटचा दावा पुणे कोर्टात निकाली निघाला असेल, तर अपील मुंबईलाच. उलट पुण्यात नोकरी करणाऱ्याची कराडची शेतजमीन असेल, तर त्यानं कोल्हापूरला यायचं. निपाणीची मंडळी बाजाराला, दवाखान्याला इकडंच येतात, पण त्यांचं हायकोर्ट म्हणजे कर्नाटकचं धारवाड खंडपीठ.

थेट हायकोर्टात येता येतं असंही नाही. सात-बाऱ्यावरच्या फेरफाराचा वाद असेल तर प्रांत, अपर जिल्हाधिकारी या महसुलातल्या पायऱ्या आधी चढाव्या लागतात. त्या टाळून केलेली रिट याचिका (सरकारी आदेशाविरुद्ध थेट हायकोर्टात केलेला अर्ज) बहुतेक वेळा 'आधी तिकडं जा' म्हणून परत येते. दिवाणी दाव्यात जिल्हा न्यायालयात पहिलं अपील हरल्यावर दुसरं अपील इथं होतं, तेही कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तरच. साक्षीदार खोटं बोलला, एवढ्यावर ते दाखल करून घेतलं जात नाही. पक्षकाराला हे पहिल्याच भेटीत सांगितलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. खर्चात पडल्यावर कळून काय उपयोग?

आता मुदत. हायकोर्ट जवळ आलं, मुदत मात्र होती तेवढीच आहे. दिवाणी अपिलाला 90 दिवस, सत्र न्यायालयानं दिलेल्या शिक्षेविरुद्ध अपिलाला 60 दिवस (फाशीची शिक्षा असेल तर 30), मोटार अपघात भरपाईच्या निकालाविरुद्ध 90 दिवस.

आणि इथंच नकलेचं महत्त्व आहे. राधानगरीकडचे एक आजोबा कापडी पिशवीत कागद घेऊन आले होते. पिशवीत निकालाची झेरॉक्स होती, सही-शिक्क्याची नक्कल नव्हती. तिच्यासाठी अर्जच केलेला नव्हता आणि निकालाला पाच महिने झाले होते. नकलेच्या शेवटी एक शिक्का असतो. त्यावर अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, हातात कधी दिली, या तारखा असतात. मुदतीत अर्ज केला असेल तर अर्जापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस मुदतीतून वजा होतात. तयार झालेली नक्कल तुम्ही न्यायला आला नाहीत, तर ते दिवस तुमच्याच खाती. आजोबांच्या बाबतीत वजा करायला काहीच नव्हतं. अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज करावा लागला आणि पाच महिन्यांतल्या उशिराचं कारण कागदोपत्री दाखवावं लागलं. म्हणून निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. अपील करायचं की नाही, ते घरी बसून मग ठरवा.

दुसऱ्या अपिलाला दोन्ही कोर्टांच्या निकालांच्या आणि हुकूमनाम्यांच्या (डिक्रीच्या) नकला, दावा आणि कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र आणि आधार कार्ड एवढं आणा. हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं, त्यामुळं मराठी कागदांचं भाषांतर जोडावं लागतं. त्याला वेळ लागतो, तो धरून चला. सगळ्या पक्षकारांचे आजचे पूर्ण पत्तेही लिहून आणा. जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस परत येते आणि प्रकरण तिथंच अडतं.

ज्यांचं प्रकरण मुंबईत आधीपासून प्रलंबित आहे त्यांनी ते कोल्हापूरकडं वर्ग झालं का, हे ई-कोर्ट्स ॲपवर पाहावं. मुंबईचे वकील इकडं येणार नसतील तर त्यांची ना हरकत घेऊन नवीन वकीलपत्र द्यावं. जुन्या अपिलांत आणखी एक गोष्ट हटकून सापडते. दरम्यान कुणीतरी वारलेलं असतं. वारस रेकॉर्डवर आणायला मृत्यूपासून 90 दिवस असतात, नाहीतर त्या व्यक्तीपुरतं अपील आपोआप संपतं. ते पुन्हा उभं करायच्या अर्जाला पुढं 60 दिवस मिळतात. घरात किंवा विरुद्ध बाजूला कुणी गेलं, तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं घेऊन तेराव्यानंतर लगेच वकिलांना गाठा.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कुणी गप्प बसू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना वार्षिक उत्पन्न 3 लाख रुपयांपर्यंत असावं लागतं. आपल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणात आधार, निकालाची प्रत आणि आपण ज्या गटात बसता त्याचा दाखला घेऊन जा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. अर्जाला पैसे पडत नाहीत. जाण्याआधी काही विचारायचं असेल तर 15100 या क्रमांकावर फोन लावा.