इगर्जीत पहिल्यांदा जाताना: गोव्यातल्या मिसाची पार्श्वभूमी

मैत्रिणीची आजी वारली तेव्हा तिच्या सातव्या दिवसाच्या मिसाला, म्हणजे कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेला, मी म्हापशाजवळच्या एका गावात गेले. इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, पाऊल टाकायची ती माझी पहिलीच वेळ. मी डिचोलीची. घरात मराठी, शाळा मराठी, देवळातलं भजन मराठी. पायऱ्यांपाशी पोचल्यावर सवयीने चपला काढून ठेवल्या आणि वर चढू लागले, तर एका म्हाताऱ्या बाईने दंडाला धरून थांबवलं. "घाल गो बाय, हांगा काडिनात." मग मला आपल्याच बाकावर शेजारी बसवून घेतलं. पुढचा तासभर ती उठली की मी उठत होते, ती बसली की बसत होते.

गोव्यात राहणाऱ्या कितीतरी मराठी माणसांचं असंच होतं. शेजार ख्रिस्ती, नाताळला नेवऱ्या-दोदोल घरी येतात, चतुर्थीला आपला फराळ तिकडे जातो. पण इगर्जीत नेमकं काय चालतं ते आयुष्यभर ठाऊक नसतं. त्यातही डिचोली, सत्तरी, पेडणे हे तालुके पोर्तुगिजांकडे आले ते थेट अठराव्या शतकात. या नव्या काबिजादी, म्हणजे नंतर जिंकलेला मुलूख. तिसवाडी, बार्देस आणि साष्टी या जुन्या काबिजादींत मात्र सोळाव्या शतकापासून गावागावांत इगर्जी उभ्या राहिल्या. म्हणून म्हापशाकडे मिसाची घंटा रोजच्या जगण्यातली आणि आमच्याकडे ऐकिवातली.

आधी शब्द घेऊ, कारण कानावर पहिल्यांदा तेच पडतात. मीस म्हणजे पोर्तुगीज 'मिस्सा'; वसईकडचे मराठी ख्रिस्ती अजून मिस्साच म्हणतात. इगर्ज आली 'इग्रेजा'वरून, फेस्त, म्हणजे सण, 'फेस्ता'वरून, पाद्री 'पाद्रे'वरून. पाद्री प्रवचन करतो ते शेर्मांव, पापांची कबुली म्हणजे कुमसार. मुख्य वेदी ती आल्तार. हे शब्द १५१० नंतर आले. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा शहर जिंकलं. तो दिवस संत कॅथरीनच्या सणाचा, म्हणून जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल तिच्याच नावाने उभं आहे. त्याचं बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं आणि इमारत पुरी व्हायला १६१९ उजाडलं.

यातला दुखरा भाग टाळून पुढे जाता येणार नाही. साष्टीतली देवळं १५६०च्या दशकात पाडली गेली. त्याच काळात मंगेशी कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, गेली. मडगावचा दामोदर झांबावलीला गेला आणि त्याच्या देवळाच्या जागी इगर्ज आली. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० मध्ये बसलं ते मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत टिकलं. १७३६च्या फर्मानाने तर बाटलेल्या घरांतल्या लग्नातले विडे आणि अंगणातली तुळससुद्धा बंद केली. तरी आज बार्देसमधल्या जुन्या घरांसमोरचा खुरीस, म्हणजे क्रूस, पाहा. चौथरा थेट तुळशीवृंदावनाचा, कोनाड्यात पणती, पुढे झेंडूची माळ. मला तो खुरीस दिसला की त्या घरातल्या कुणा जुन्या बाईची जिद्द आठवते. तिचं नाव कुठल्याही दप्तरात नाही.

आता प्रत्यक्ष मीस. याचे दोन मोठे भाग. आधी वाचनं, मग भाकरी आणि द्राक्षरस यांचा विधी. सुरुवातीला सगळे उभे राहून कांतार, म्हणजे भक्तिगीत, म्हणतात, पाद्री आल्तारपाशी येतो, छातीवर खुरसाची खूण होते, चुकांची क्षमा मागितली जाते. मग बसायचं. रविवारी बायबलमधली तीन वाचनं असतात, मध्ये स्तोत्र गायलं जातं आणि येशूच्या शुभवर्तमानाला सगळी इगर्ज उठून उभी राहते. त्यानंतर शेर्मांव.

उठणं, बसणं आणि गुडघे टेकणं या तीन गोष्टींनी नवखा माणूस फार बावरतो. यात अवघड काही नाही: मान द्यायला उभं राहायचं, ऐकायला बसायचं, आराधनेला गुडघे टेकायचे. गुडघे टेकण्याची मोठी वेळ येते ती पाद्री भाकरीची पातळ चकती दोन्ही हातांनी उंच धरतो तेव्हा. त्या क्षणी छोटी घंटा वाजते. ही चाल युरोपात साधारण तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पडली. तेव्हा पाद्री लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये हळू आवाजात मंत्र म्हणत असे, मागच्यांना काही दिसत नसे, ऐकू येत नसे. म्हणून चकती वर धरायची आणि घंटा वाजवायची. आज सगळं समोर दिसतं, मायक्रोफोन आहे, तरी घंटा राहिली. तिच्यानंतर जी शांतता पडते ती मी विसरलेले नाही. छताचा पंखा आणि बाहेरचे कावळे, एवढंच ऐकू येत होतं. गुडघे टेकायला जमत नसेल तर शांत बसून राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही.

मग रांग लागते. ती कुमगाराची, म्हणजे ती चकती स्वीकारण्याची. आपल्या मनात येतं, प्रसाद आहे, घ्यावा. इथे मात्र घ्यायचा नसतो. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे ती चकती आता भाकरी राहिलेली नसते, ते ख्रिस्ताचं शरीर झालेलं असतं. बाप्तिस्मा घेऊन, त्याची शिकवण घेऊन, पहिला कुमगार झालेला माणूसच ती घेतो. आपल्याला परकं ठेवायचं म्हणून हा नियम केलेला नाही. लहान ख्रिस्ती मुलांनाही शिकवणीची वर्षं संपेपर्यंत थांबावं लागतं. बाकावर बसून राहावं, जाणाऱ्यांना गुडघे बाजूला घेऊन वाट द्यावी. पूर्वी कुमगारासाठी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता उपास करावा लागे. मिसाची वेळ भल्या पहाटेची असायची त्यामागे हेही कारण होतं. १९५३ पासून पोप बाराव्या पायसने हा नियम सैल केला आणि संध्याकाळच्या मिसाला वाट मिळाली. आता उपास एका तासाचा आहे, आणि शनिवारी संध्याकाळचं मीस रविवारचं म्हणून चालतं.

भाषेची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी, कारण तीत आपली मराठीही आहे.

त्या दिवशी बाकावर कांतारांची छापील पानं होती. मी पान उचललं आणि अडखळले. भाषा कोंकणी, लहानपणापासून कानावर असलेली. पण लिपी रोमन. ऐकलं की सगळं कळत होतं, वाचायला गेलं की जीभ ठेचकाळत होती. शेजारची आजी चष्म्याशिवाय घडाघडा म्हणत होती. तिला देवनागरी वाचता येत नव्हती, मला रोमी.

याचं मूळ छापखान्यात आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या सेंट पॉल कॉलेजात. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि साष्टीत राहून इथल्या भाषा शिकला. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची पुराणं बंद झाली होती, आणि पुराण ऐकायची सवय काही एका पिढीत जात नाही. आमची पुराणं काढून घेतलीत, मग दुसरी का देत नाही, असा प्रश्न त्याच्याच ग्रंथात एक ब्राह्मण विचारतो. ते दुसरं पुराण म्हणजे 'ख्रिस्तपुराण'. १६१६ मध्ये साष्टीतल्या रायतूरला छापलेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं, आणि मराठीत. बोलण्याची भाषा कोंकणी असली तरी पुराणाची भाषा मराठी हे गोव्यात तेव्हा गृहीत होतं. स्टीफन्सला देवनागरी खिळे हवे होते, ते मिळाले नाहीत, म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या गेल्या. त्यानेच लिहिलेली कोंकणी धर्मशिकवण त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, तशीच निघाली. रोमी लिपी अशी रुजली. शाळेत आपण याच फादर स्टीफन्सची मराठीच्या स्तुतीची ओवी पाठ करतो, पण ती कुठे आणि कोणासाठी लिहिली गेली हे कुणी सांगत नाही.

नंतर वारं फिरलं. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजीराजांनी जुवे बेट घेतलं आणि गोवा शहर हादरलं. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर बॉम जेझू इगर्जीत गेला, संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडायला लावली आणि आपला अधिकारदंड संतापाशी ठेवून शहर वाचवण्याची प्रार्थना केली. मोगल फौज जवळ आल्यामुळे राजे माघारी वळले. पोर्तुगिजांनी श्रेय संताला दिलं. याच व्हाइसरॉयने जून १६८४ मध्ये हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. लोकांनी सोडली नाही. मीस लॅटिनमध्ये चालू राहिलं, घरातला तेर्स (जपमाळेची प्रार्थना) आणि खुरसापुढची लदीन (स्तुतीची प्रार्थना) लोकांच्या तोंडी राहिली.

लॅटिन गेली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या रोममधल्या सभेनंतर. ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर झाला आणि लोकभाषेला जागा मिळाली. गोवा मुक्त होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. एकाच दशकात राज्यकर्ते बदलले, देवाशी बोलायची भाषा बदलली, आणि पाद्री वळून लोकांकडे तोंड करून उभा राहिला. ज्यांनी दोन्ही पाहिलं ते म्हातारे लोक अजून सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. आज बहुतेक इगर्जींत मीस कोंकणीत किंवा इंग्रजीत असतं. मराठीतलं ऐकायचं तर सिंधुदुर्गात किंवा वसईत जावं.

१९६९ मध्ये भारतीय बिशपांनी मागितलेले बारा बदल रोमने मान्य केले. आरती, पंचांग प्रणाम, पादत्राणं काढणं यांना त्यात मुभा आहे. चपलांची मुभा गोव्यातल्या इगर्जींनी फारशी घेतली नाही, पण हात जोडणं मात्र सगळीकडे दिसतं. कुमगाराच्या थोडं आधी पाद्री शांतीची खूण करायला सांगतो आणि सगळे शेजाऱ्याकडे वळून नमस्कार करतात. अनोळखी माणूस हसून हात जोडेल, तेव्हा आपणही जोडावे.

संगीत ऐकण्यासाठी तरी एकदा फेस्ताच्या मिसाला जावं. इगर्जींना जोडलेल्या शाळांतून मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना सूर आणि व्हायोलिन शिकवत. मुंबईच्या सिनेसंगीतातले किती वादक या शाळांतून घडले! प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे, आणि त्यांचे वडील तिथल्या इगर्जीत गायकवृंद सांभाळत.

कपडे साधे, खांदे-गुडघे झाकलेले असावेत. फोटो मीस चालू असताना काढू नयेत. मधे थैली फिरते, तीत द्यायचं ते द्यावं, नाही दिलं तरी चालतं. डोकं झाकायची सक्ती आता बायकांवर नाही. पूर्वी मात्र ख्रिस्ती बायका ओल नावाची पांढरी चादर अंगावर घेतल्याशिवाय इगर्जीत येत नसत.

आणि कुणाला अगदीच बिचकल्यासारखं वाटत असेल तर म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या, फेस्तापासून सुरुवात करावी. ईस्टरनंतर काही दिवसांनी ते येतं. शिरगावची लईराई देवी आणि ही सायबीण बहिणी, असं आमच्याकडे दोन्ही धर्मांत मानतात. तिथे तेल घेऊन रांगेत उभे राहिलेले कितीतरी लोक हिंदूच असतात.

त्या सातव्या दिवसाच्या मिसात कुमगाराच्या आधी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. 'आमच्या बापा, सर्गिंच्या' अशी तिची सुरुवात. इंग्रजीत ज्या ठिकाणी रोजची भाकरी मागितली जाते तिथे शब्द आला 'गिरास'. ग्रास! जेवायला बसताना माझी आजी पानाबाहेर काढून ठेवते तोच. मी तो शब्द पुटपुटले, तर शेजारच्या आजीने माझ्याकडे पाहिलं आणि पुढची ओळ माझ्यासाठी जरा हळू म्हटली.