गोडवा पाण्यात, वास लोण्यात

वाडगाभर लोण्यात मी दोन संत्र्यांचा रस पिळला आणि चमच्याने फेटत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, रस काही आत जाईना. लोणी दाण्यादाण्याचं झालं आणि दाण्यांच्या मधून पिवळं पाणी माझ्याकडे बघत राहिलं.

डिसेंबरातली गोष्ट. विदर्भातलं, वरुडकडचं शेत, संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी संपत आलेली, आणि नागपूर-पुण्याहून आलेली पोट्टी मिळून आम्ही सोळा माणसं. अकरा वाजताच्या खाण्याला पोट्ट्यांनी ‘ब्रंच’ नाव दिलं होतं. मोठीआईच्या मते ते ना न्याहारी ना जेवण. भाकरी, रोडगे, वांग्याची भाजी हे तिचं ठरलेलं. भाकरीवर लावायला गोड, संत्र्याच्या वासाचं लोणी करायची हौस माझी. तिने वाडग्यात डोकावून पाहिलं. “पोरी, लोन्याले पानी पाजतं का कोनी? वास पायजे त सालीत हाय. रस पिऊन टाक.”

रस पिऊन टाकला. तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं, पण का, ते समजायला आधी रवीपाशी जावं लागतं.

दुधात स्निग्ध पदार्थ सुट्या गोलकांच्या रूपात तरंगत असतो. एकेक गोलक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका, किंवा त्याच्या काही पट मोठा. म्हशीच्या दुधातले गोलक गाईच्या दुधातल्यांपेक्षा थोराड असतात. प्रत्येकाभोवती प्रथिनं आणि फॉस्फोलिपिड (स्निग्ध पदार्थाचाच एक प्रकार) यांचा अतिशय पातळ पापुद्रा असतो, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. घुसळताना रवी हा पापुद्रा फाडते. पण नुसतं फाडून भागत नाही. गोलकाच्या आत थोडा भाग घट्ट, स्फटिकांचा हवा आणि थोडा पातळ, तेलासारखा. स्फटिकांची टोकं शेजारच्या गोलकात घुसतात आणि पातळ भाग डिंकासारखा दोघांना सांधतो. असे गोलक जुळत जुळत कण होतात, कणांचे गोळे होतात, आणि एका क्षणी रवीचा आवाजच बदलतो. घुसळणारीला तो ऐकू येतो, डोळ्यांनी बघायची गरज पडत नाही.

म्हणूनच लोण्याचं सारं गणित तापमानाचं. फार गरम असेल तर स्फटिक वितळलेले, टोचायला काही उरत नाही. लोणी तेलकट येतं किंवा ताकातच राहून जातं. फार थंड असेल तर सगळंच घट्ट, सांधायला डिंक नाही. डेअरीत साय 10 ते 14 अंशांच्या आसपास ठेवून घुसळतात. आमच्याकडे थर्मामीटर नाही. उन्हाळ्यात माठातलं गार पाणी किंवा बर्फ घालायचा आणि थंडीत कोमट पाण्याचा हबका मारायचा, एवढ्यावर पिढ्या निघाल्या. माझ्या मते हे मोजमापच आहे, फक्त अंशांत लिहिलेलं नाही.

लोणी निघतं तेव्हा एक उलथापालथ झालेली असते. दूध म्हणजे पाण्यात विखुरलेला स्निग्ध पदार्थ. लोणी म्हणजे स्निग्ध पदार्थात अडकलेले पाण्याचे थेंब. घर कोणाचं आणि भाडेकरू कोण, हे उलटलं. विकतच्या बटरमध्ये सुमारे 80 टक्के स्निग्ध पदार्थ असतो आणि 16 टक्क्यांच्या आसपास पाणी. घरच्या लोण्यात पाणी जास्त असतं. गार पाण्यात दोन-तीनदा धुऊन, हाताने दाबून ते काढावं लागतं. चांगल्या मळलेल्या लोण्यातले पाण्याचे थेंब इतके बारीक असतात की डोळ्यांना कोरडंच दिसतं. याचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. थेंबांची संख्या जिवाणूंच्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे बहुतेक थेंबांत एकही जिवाणू नसतो आणि ज्यात असतो त्याला वाढायला जागा नसते. त्यात मीठ घातलं तर आणखी गंमत. मीठ स्निग्ध पदार्थात विरघळत नाही, सगळं पाण्यात जातं. 100 ग्रॅम लोण्यात 2 ग्रॅम मीठ म्हणजे 16 ग्रॅम पाण्यात 2 ग्रॅम, 11 टक्क्यांचं खारं पाणी. समुद्राच्या पाण्याच्या तिपटीहून खारट.

साखरेचंही तसंच. ती तुपात विरघळत नाही, याचा पुरावा प्रत्येक दिवाळीत डब्यात असतो: बेसनाच्या लाडवात पिठीसाखरच घालतो, कारण जाड साखर तुपात विरघळेल याची वाट बघण्यात अर्थ नसतो, ती दाताखाली करकरणारच. म्हणजे लोणी गोड करायचं तर गोडवा त्या इवल्या थेंबांतच भरायचा आहे. आणि थेंबांना जागा थोडी. 50 ग्रॅम संत्र्याचा रस ओतला तर त्यातलं जवळजवळ 45 ग्रॅम पाणीच असतं. 200 ग्रॅम लोण्यात आधीचं पाणी आहेच, वर हे. विखुरलेले थेंब जुळून ओघळ होतात आणि माझ्या वाडग्यात दिसलं ते दिसतं. 50 ग्रॅम मधात मात्र पाणी जेमतेम 9-10 ग्रॅम. बाकी बहुतेक फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. शिवाय मध दाट. त्याचे थेंब पळत जाऊन एकमेकांना गाठत नाहीत, फेटल्यावर जिथल्या तिथे बसून राहतात. मेळघाटातला मध आमच्याकडे असतोच. तो नसेल तर काकवी चालते. नुसता गूळ किसून घातला तर खडे लागतात, आणि काहींना तेच आवडतं, त्यांच्याशी वाद नाही. (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध द्यायचा नाही, लोण्यातूनही नाही.)

आता साल. शाळेत असताना संत्र्याची साल दुमडून शेजारच्याच्या डोळ्यात पिळली नाही, असं विदर्भात पोरगं सापडणं कठीण. हीच साल मेणबत्तीजवळ पिळली की ज्योतीत ठिणग्या उडतात. उडतं ते पाणी असतं तर ज्योत फुरफुरली असती. उडतं ते तेल. सालीवर दिसणारे बारीक ठिपके म्हणजे या तेलाच्या पिशव्या. तेलातला बराच मोठा वाटा लिमोनीन नावाच्या रसायनाचा असतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात मात्र सहज जातं. रस आणि साल एकाच फळाची, पण लोण्यात एकाला दार बंद आणि दुसऱ्याला घर मोकळं. किसताना फक्त वरचा केशरी भाग घ्यायचा. आतला पांढरा थर कडू असतो. नागपुरी संत्र्याची साल सैल, त्यामुळे सोलायला सोपी आणि किसायला त्रासदायक. सोलण्याआधीच, अख्खं फळ हातात धरून किसलं की जमतं. बाजारातल्या फळांवर बऱ्याचदा मेण असतं, ती कोमट पाण्यात चोळून धुवावीत.

विरजण लावलेल्या सायीच्या लोण्याला स्वतःचाही वास असतो. तो मुख्यतः डायअसिटाइलचा, आणि विरजणातले काही जिवाणू ते दुधातल्या सायट्रेटपासून बनवतात. सायट्रेट म्हणजे सायट्रिक आम्लाचं भावंड, लिंबू-संत्र्याच्या आंबटपणातलं तेच आम्ल. लोण्याचा वास आणि संत्र्याचा रस यांचं हे नातं मला फार उशिरा कळलं. विकतच्या, विरजण न लावता काढलेल्या बटरमध्ये ही मजा कमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घाट घातला. मोठीआईची म्हैस नागपुरी, तलवारीसारख्या मागे वळलेल्या शिंगांची. तिचं लोणी पांढरंफेक, कारण चाऱ्यातल्या कॅरोटीन या पिवळ्या रंगद्रव्याचं म्हैस जीवनसत्त्व अ करून टाकते. गाय ते तसंच थोडं दुधात सोडते, म्हणून गाईचं लोणी पिवळं. 200 ग्रॅम लोणी धुऊन, पिळून, चुलीपासून हातभर अंतरावर मऊ व्हायला ठेवलं. हे अंतर महत्त्वाचं. दुधाची चरबी एका तापमानाला वितळत नाही. 5 अंशांना तिचा साधारण निम्मा भाग घट्ट असतो, 20 अंशांना पाचवा हिस्सा आणि 35 च्या पुढे जवळजवळ काहीच नाही. पाचव्या हिश्शाच्या आसपास लोणी बोट लावताच दबतं पण ओघळत नाही, फेटताना हवाही धरून ठेवतं. पूर्ण वितळू दिलं तर खेळ संपला: मध जड, तळाशी जाऊन बसतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 गाठतो, तेव्हा हा पदार्थ करूच नये.

मग 50 ग्रॅम मध थोडा थोडा, दोन संत्र्यांची किसलेली साल, चिमूटभर मीठ. फेटून झाकून तासभर ठेवलं, म्हणजे सालीतलं तेल लोण्यात उतरतं. गरम भाकरीवर पहिला चमचा पडला तेव्हा वास आधी आला, चव नंतर. लोणी वितळलं की धरून ठेवलेला सुगंध सुटतो. तोंडात, 37 अंशांना, पुन्हा तेच होतं.

तळाशी चार चमचे उरलं. मोठीआईला उरलेलं लोणी दिसलं की त्याचं तूप होतंच, विचारायची पद्धत नाही. कढई चुलीवर गेली, तडतड सुरू झाली, पाणी उडायला लागलं आणि वाफेबरोबर संत्र्याचा वास पार गोठ्यापर्यंत गेला. तूप गाळून मी चाखलं. अगदी सपक, गोडव्याचा मागमूस नाही. गोडवा सगळा खाली, करपायला आलेल्या तपकिरी, चिकट बेरीत बसला होता. आणि कढई घेऊन पोट्टी अंगणात पळाली होती.