अमेरिकेत आई-वडील आणि भावंडांना बोलावताना: आय-१३० कुठे अडतो

आय-१३० म्हणजे नातेवाइकाला अमेरिकेत कायमचं बोलावण्यासाठी तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे करायचा अर्ज. तो फॉर्म चुकला म्हणून क्वचितच अडतो. तो अडतो आईच्या नावावर. मुलाच्या जन्मदाखल्यावर माहेरचं 'सुमन', पासपोर्टवर सासरचं 'सुलभा', आणि मुलीच्या दाखल्यावर नुसतंच 'सौ. पाटील'. लग्नात नाव बदलायची आपली रीत फाइल तपासणाऱ्याला ठाऊक नसते. त्याच्या समोरच्या तीन कागदांवर त्याला तीन वेगळ्या बायका दिसतात.

पात्रता थोडक्यात अशी. अर्जदार अमेरिकेचा नागरिक हवा आणि वय २१ पूर्ण हवं. ग्रीन कार्डावर आई-वडिलांसाठीही अर्ज करता येत नाही, भावंडांसाठीही नाही. आई, वडील आणि प्रत्येक भावंड यांचा अर्ज वेगळा आणि फीही वेगळी: एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदी अर्जाला ६७५. इथे एक गैरसमज फार महाग पडतो. आईच्या अर्जावर वडील येत नाहीत आणि अविवाहित धाकटा भाऊही येत नाही. भावाच्या अर्जावर मात्र त्याची बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं येऊ शकतात.

आता कागद. आईसाठी तुमचा जन्मदाखला लागतो, त्यावर आईचं नाव हवं. वडिलांसाठी त्याच्या जोडीला आई-वडिलांचं विवाह प्रमाणपत्र. भावंडासाठी दोघांचेही जन्मदाखले, आणि दोन्हींवर किमान एक पालक समान दिसायला हवा. वडील एक पण आया वेगळ्या असतील, तर वडिलांच्या दोन्ही लग्नांचे आणि पहिलं लग्न संपल्याचे पुरावेही जोडावे लागतात.

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधी जन्मलेल्यांकडे जन्मदाखला नसणं स्वाभाविक आहे, पण 'नाही' हे नुसतं सांगून चालत नाही. ज्या गावी जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीचं किंवा नगरपालिकेचं अनुपलब्धता प्रमाणपत्र (नमुना १०) लागतं. बरेच जण शोध वडिलांच्या गावात घेतात, आणि पहिलं बाळंतपण तर आईच्या माहेरी झालेलं असतं. आधी जन्म नेमका कुठे झाला ते घरातल्या मोठ्यांना विचारा. ग्रामपंचायतीने हात वर केले तरी थांबू नका. जुन्या नोंदी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, सापडतात. जातपडताळणीसाठी लोक हीच नक्कल काढतात. ती मोडी लिपीत असेल तर लिप्यंतर आणि मग इंग्रजी भाषांतर, दोन्ही करून घ्या.

अनुपलब्धता प्रमाणपत्रासोबत दुय्यम पुरावा द्यायचा असतो. त्यात सगळ्यात वजनदार शाळा सोडल्याचा दाखला. पण जुन्या दाखल्यावर आईचं नाव बहुधा नसतं, आणि जन्मतारीख पुष्कळदा १ जून असते, कारण गुरुजींनी प्रवेशाच्या दिवशी तीच लिहिली. दुसऱ्या कागदावर वेगळी तारीख असेल तर ती लपवू नका. तारखा वेगळ्या का, याचं साधं लेखी स्पष्टीकरण जोडा.

शेवटचा आधार प्रतिज्ञापत्रांचा. दोन लागतात, आणि देणारे या अर्जातले पक्षकार नसावेत. 'सदर इसमास मी ओळखतो' या छापाच्या मजकुराचा काडीचा उपयोग होत नाही. मामा किंवा आत्यासारखं जन्माच्या वेळी समजत्या वयाचं माणूस शोधा आणि असं लिहून घ्या: 'सुलभा (माहेरचे नाव सुमन) ही माझी सख्खी धाकटी बहीण. तिचा मुलगा आमच्या राहत्या घरी जन्मला, तेव्हा मी २२ वर्षांचा होतो आणि घरातच होतो.' त्याखाली देणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि नातं. आईच्या दोन्ही नावांचा सांधा अशा एका वाक्याने जुळतो. विवाह प्रमाणपत्रावर किंवा राजपत्रात दोन्ही नावं असतील तर फारच उत्तम.

जुनं लग्न नोंदवलेलं नसेल तर आज नोंदवता येतं. पण ४० वर्षांनी काढलेलं प्रमाणपत्र एकटं पाठवू नये. लग्नपत्रिका, लग्नातले फोटो, जुनं रेशन कार्ड, जे असेल ते जोडा. उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यालाही हाच नियम.

मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, शिक्क्यांच्या मजकुरासकट. ते पूर्ण आणि अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहायचं. त्यासाठी नोटरी लागत नाही, उगाच पैसे घालवू नका.

पुरावा कमी पडला तर मागणीपत्र येतं. उत्तराला सहसा ८४ दिवस, टपालाने आलं असेल तर आणखी ३. उत्तर एकदाच देता येतं. अर्धे कागद आज पाठवून बाकीचे नंतर पाठवू म्हटलं, तर निर्णय त्या अर्ध्यांवरच होतो. गावाकडचा कागद मिळायला महिने लागतात, म्हणून शोध अर्ज भरायच्या आधीच सुरू करा.

आई-वडिलांना व्हिसाच्या कोट्याची रांग नाही. भावंडांना आहे, आणि ती फार लांब आहे. या चौथ्या श्रेणीत जगभरासाठी वर्षाला सुमारे ६५,००० व्हिसा, त्यात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. २०२५ मध्ये भारतासाठी २००६ सालच्या अर्जांचा नंबर लागत होता. अर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलं की घरी पेढे वाटले जातात, पण मंजुरी म्हणजे व्हिसा नव्हे. नंबर ठरतो तो अर्ज दाखल झाल्याच्या तारखेवरून.

या काळात भावाची मुलं मोठी होतात. त्यांच्या वयातून अर्ज जितका काळ मंजुरीविना पडून होता तितका काळ वजा होतो. नंबर लागला तेव्हा मुलगी २५ वर्षांची आणि अर्ज ७ वर्षं पडून होता, तर तिचं वय १८ धरतात. तोच अर्ज ३ वर्षांत मंजूर झाला असता तर ती २२ ची ठरून बाहेर पडली असती. म्हणून मंजुरीला उशीर होतोय याने हवालदिल होऊ नका. मात्र मुलीचं लग्न झालं तर ही सवलत संपते, आणि नंबर लागल्यापासून एका वर्षात पुढचं पाऊल उचलावं लागतं.

हे एक वर्ष दुसऱ्या अर्थानेही घातक आहे. नंबर आल्याची सूचना मिळाल्यावर वर्षभर अमेरिकेच्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राशी काहीच संपर्क केला नाही, तर नोंदणी रद्द होऊ शकते. वीस वर्षांपूर्वीचा पत्ता आणि बंद पडलेला ईमेल यामुळे ही सूचना हुकते. पत्ता बदलला की लगेच कळवा.

पुढे डीएस-२६० हा व्हिसाचा फॉर्म, माणशी ३२५ डॉलर फी, पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस दाखला, ठरलेल्या डॉक्टरकडे तपासणी आणि मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत.

आय-८६४ या आर्थिक हमीसाठी अर्जदाराचं उत्पन्न अमेरिकेच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. नवरा-बायको, दोन मुलं आणि येणारे आई-वडील असे सहा जण धरले, तर २०२५ च्या कोष्टकानुसार साधारण ५३,९३७ डॉलर. कमी पडलं तर सहहमीदार चालतो, पण अर्जदाराला स्वतःचा आय-८६४ तरीही भरावा लागतो. ही जबाबदारी घटस्फोटाने किंवा भांडणाने संपत नाही.

मधल्या काळात भावाला पर्यटक व्हिसा हवा असेल, तर तुमच्यासाठी कुणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का, या प्रश्नाला 'हो' हेच उत्तर द्यायला सांगा.