फॅलोचं ऑपरेशन लहानपणी झालं. पुढे काय बघायचं?

'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' या जन्मजात विकारात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असतं आणि फुप्फुसांकडे जाणारी रक्ताची वाट अरुंद असते. १९५४ साली मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी हृदय उघडून हे दोष पहिल्यांदा दुरुस्त केले. छिद्राला पॅच लावायचा, अरुंद वाट मोकळी करायची, ही पद्धत आजही तीच आहे.

गोम त्या वाटेत आहे. ती रुंद करताना अनेकदा छेद थेट फुप्फुस-झडपेतून न्यावा लागतो आणि झडप निकामी होते. मग प्रत्येक ठोक्याला पुढे गेलेल्या रक्ताचा काही भाग उजव्या कप्प्यात परत येतो. कप्पा हळूहळू ताणत जातो, पण वीस-तीस वर्षं कुरकुर करत नाही. माणूस नोकरी करतो, जिने चढतो, तपासणी सोडून देतो. दम लागायला लागतो तेव्हा स्नायूचं नुकसान बऱ्याचदा भरून न येण्याइतकं झालेलं असतं.

म्हणून नवी झडप कधी बसवायची हे केवळ त्रासावर ठरवत नाहीत, मोजमापही बघतात. टूडी इको हवाच, पण उजव्या कप्प्याचा आकार वेडावाकडा असल्याने त्याचं आकारमान नीट कळतं ते हृदयाच्या एमआरआयमध्ये. शरीराच्या दर चौरस मीटरमागे पूर्ण भरलेला कप्पा १६० मिलीलिटरच्या वर किंवा आकुंचन पावल्यावर ८० च्या वर गेला, तर त्रास नसतानाही झडपेचा विचार सुरू होतो. ईसीजीत क्यूआरएस (खालच्या कप्प्यांत विद्युत-लहर पसरायला लागणारा वेळ दाखवणारा भाग) १८० मिलिसेकंदांपर्यंत रुंदावला असेल तर घातक अनियमित ठोक्यांचा धोका वाढतो. धडधडीसोबत भोवळ आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं; ॲसिडिटीच्या गोळीवर रात्र काढू नये.

मूळ ऑपरेशनआधी हाताची रक्तवाहिनी वापरून शंट (फुप्फुसांकडे जास्त रक्त नेणारी जोडवाट) केला असेल, तर त्या हातात रक्तदाब कमी दिसू शकतो. दुसऱ्या हातात मोजायला सांगा.

कृत्रिम झडप असलेल्यांनी दात काढण्याआधी किंवा दातांची सफाई करण्याआधी ३० ते ६० मिनिटं, झडपेवर संसर्ग होऊ नये म्हणून, अ‍ॅमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक घ्यायचं असतं. प्रौढांचा नेहमीचा डोस २ ग्रॅम; पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास औषध वेगळं. हे विसरण्याहून मोठी चूक तापात होते. कारण न सापडणाऱ्या तापाला आधी अँटिबायोटिक दिलं की ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघण्याच्या चाचणीत) जंतू सापडत नाहीत आणि झडपेवरचा संसर्ग लपून राहतो. आधी कल्चर, मग औषध.

बहुतेक स्त्रियांना गरोदरपण झेपतं, मात्र एमआरआय आणि जनुकीय सल्ला त्याआधी घ्यावा. २२क्यू११ हा गुणसूत्रातला तुकडा गहाळ असेल, तर तो दोष बाळात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. वडिलांमध्ये असला तरी तेवढीच.

नवी जैविक (प्राण्याच्या किंवा माणसाच्या ऊतींची) झडपही कायमची नसते. काही वर्षांनी ती कडक होते किंवा गळते. त्या वेळी मांडीच्या शिरेतून नळी नेऊन जुन्या झडपेच्या आत दुसरी बसवता येते, पण जुनीचा व्यास पुरेसा हवा. तेव्हा बसवलेल्या झडपेचं नाव आणि तिचे मिलिमीटर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.