165 पासून 315 पर्यंत: स्पोर्ट्स कारच्या टायरमागचा इतिहास

टायरच्या बाजूला 185/60 आर15 असं छापलेलं असतं. 185 ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. 60 म्हणजे रबरी भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. आर म्हणजे रेडियल, ही टायरची बांधणी; तिच्याबद्दल पुढे येईलच. शेवटचे 15 म्हणजे रिमचा, टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचा, व्यास, आणि तो मात्र इंचात. एकाच ओळीत दोन मापपद्धती का, हे कोडं मला शाळेपासून होतं. पूर्वी सगळंच इंचात चालायचं: अ‍ॅम्बेसिडरला 5.90-15, पद्मिनीला 5.20-14. रेडियल टायर आले, रुंदी मिलिमीटरमध्ये गेली, रिम इंचातच राहिली. मिशेलिनने 1970 च्या दशकात टीआरएक्स नावाने 365 आणि 390 मिलिमीटरच्या रिम आणून पाहिल्या. पण त्यांवर नेहमीचा इंची टायर बसत नसे, त्यामुळे ती पद्धत रुजली नाही.

रुंद टायरची गोष्ट खरं तर या रेडियलपासूनच सुरू होते. मिशेलिनने त्याचं पेटंट 1946 मध्ये घेतलं आणि 1949 मध्ये तो बाजारात आणला. जुन्या क्रॉस-प्लाय टायरमध्ये धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेद देत जायचे. भिंत वाकली की रस्त्यावरचा पट्टाही तिच्याबरोबर मुरडायचा. रेडियलमध्ये भिंतीचे धागे सरळ आडवे आणि पट्ट्याखाली पोलादी कडं. भिंत लवचिक राहिली तरी पट्टा सपाट राहू लागला. भिंत बुटकी करून टायर रुंद करता येईल, हा विचार त्यानंतरच व्यवहारात आला.

पोर्शे 911 या एकाच गाडीकडे पाहिलं तरी पुढचा सगळा प्रवास कळतो. 1964 मध्ये ती 165-15 टायरवर धावायची, रिमची रुंदी जेमतेम साडेचार इंच. भिंत रुंदीच्या सुमारे 80 टक्के, म्हणजे आजच्या नजरेला स्कूटरचीच आठवण यावी. इंजिन मागे असल्याने वळणावर मागची बाजू बाहेर जायची. म्हणून 1973 च्या 911 कॅरेरा आरएसला पुढे 185/70 आणि मागे 215/60 दिले गेले. पाठोपाठ पिरेलीचा पी7 आला. लॅन्सिया स्ट्रॅटोसच्या रॅली गाडीसाठी घडवलेला हा टायर 911 टर्बोवर पुढे 205/50, मागे 225/50 अशा मापात बसला. 1978 मध्ये लॅम्बोर्गिनी काउंटाकच्या मागच्या चाकांवर तर 345/35 चढले. रिम तेव्हाही 15 इंचीच होती, हे विसरू नये.

मग चाकं 18, 20, 21 इंचांपर्यंत का वाढली? दिखाऊपणाचा वाटा आहेच, पण मूळ कारण ब्रेक. 1953 मध्ये जॅग्वार सी-टाइपने डिस्क ब्रेकच्या (चाकाच्या आत फिरणारी चकती दाबून गाडी थांबवणाऱ्या ब्रेकच्या) बळावर ल मांची शर्यत जिंकली, आणि वेग वाढत गेला तशा डिस्कही वाढत गेल्या. आजच्या 911 जीटी3 ची पुढची डिस्क 408 मिलिमीटरची आहे. 15 इंच म्हणजे 381 मिलिमीटर. म्हणजे 1964 च्या चाकात ही डिस्क मावतच नाही! पुढे 255/35 आर20 आणि मागे 315/30 आर21 हे माप त्यातून आलं. रिम मोठी झाली, पण चाकाचा एकूण घेर हाताबाहेर जाऊ द्यायचा नव्हता, म्हणून भिंत आटली.

पुण्यात नाना पेठेत अलॉय चाकं बघायला गेल्यावर मला हाच हिशेब हवा असतो. चाकणला बनलेल्या पोलो जीटीचं उदाहरण घ्या. 185/60 आर15 चा एकूण व्यास 603 मिलिमीटर, भिंत 111 मिलिमीटरची. 195/50 आर16 लावले तर व्यास 601, भिंत 97.5. 215/40 आर17 चा व्यास 604, पण भिंत फक्त 86. व्यास जवळपास सारखा, म्हणून स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. एका चाकामागे रबराची 25 मिलिमीटर उशी मात्र गेली.

आणि मिळालं काय? 1200 किलोची गाडी, प्रत्येक चाकावर 300 किलो, हवा 32 पीएसआय: रस्त्याला टेकतं ते साधारण पोस्टकार्डाएवढं रबर. रुंद टायर लावला तरी, हवा तेवढीच असेल तर, ते पोस्टकार्ड फारसं मोठं होत नाही. आडवं होतं एवढंच. वळणावर त्याचा फायदा खराच: स्टिअरिंग फिरवताच गाडी ऐकते. पण जुलैत ताम्हिणी घाटात रस्त्यावर पाणी वाहत असताना तेच आडवं पोस्टकार्ड पाण्यावर लवकर तरंगतं. टोयोटाने 2012 च्या जीटी86 या स्पोर्ट्स कारला आपल्याच इंधन वाचवणाऱ्या प्रियसवर मिळणारे 215/45 आर17 टायर मुद्दाम दिले होते, जेणेकरून कमी वेगातही चालवण्याची मजा यावी. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

युरोपात पी7 रुजत होता, त्याच सुमारास, 1976 मध्ये, पुण्यात जंगली महाराज रस्ता दहा वर्षांच्या हमीवर बांधून झाला. सगळं शहर त्या रस्त्यासारखं बिनखड्ड्यांचं असतं, तर मी 17 इंचीची शिफारस डोळे मिटून केली असती. माझ्याच गाडीला एका पावसाळ्यात दोनदा टायरला फुगा आला आणि एक रिम वाकली. दुकानदाराने माप सांगितलं होतं, भिंतीबद्दल अवाक्षर नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल करू देत नाही. म्हणून कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत दिलेलं माप आधी पाहावं, एक इंच वाढवून थांबावं, आणि उरलेले पैसे चांगल्या रबरावर घालावेत. मी सध्या 16 इंचीवर आहे.