शिकाऊ उमेदवार घेताना: आस्थापनेची पात्रता, करारपत्र आणि विद्यावेतन

आयटीआयमधून फिटर किंवा इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडलेला मुलगा कोणाच्या तरी ओळखीने कारखान्यात येतो, 'शिकाऊ म्हणून ठेवून घ्या' एवढे बोलणे होते आणि दुसऱ्या दिवसापासून तो मशीनवर उभा राहतो. बोलण्यात सगळेच त्याला अप्रेंटिस म्हणतात. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ च्या दृष्टीने मात्र करारपत्र झाल्याखेरीज तो शिकाऊ उमेदवार नसतो. हा फरक कागदापुरता नाही. कलम १८ प्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे, आणि म्हणूनच त्याच्यासाठी भविष्य निर्वाह निधी व ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) भरावा लागत नाही. नोंदवलेले करारपत्र हाती नसेल, तर या कलमाचा आधार घेणे मालकाला फार अवघड जाते आणि तोच मुलगा कामगार म्हणून सर्व हक्क मागू शकतो.

पहिला प्रश्न असतो तो सक्ती कोणाला आहे हा. २०१९ मध्ये नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, तर ४ ते २९ मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. घ्यावयाच्या उमेदवारांची संख्या एकूण मनुष्यबळाच्या २.५ टक्के ते १५ टक्के या मर्यादेत असावी लागते. येथे नेहमी होणारी चूक मोजणीची आहे. समजा, एका वर्कशॉपच्या हजेरीपटावर २४ जण आहेत आणि ठेकेदारामार्फत आणखी १६ जण काम करतात. मालक स्वतःचे २४ धरतो आणि आपल्याला सक्ती नाही असे समजून निश्चिंत राहतो. परंतु नियमात कंत्राटी मनुष्यबळही मोजले जाते, त्यामुळे त्याची संख्या ४० होते आणि किमान १ व कमाल ६ उमेदवार घेण्याची मर्यादा त्याला लागू पडते. कमी उमेदवार घेतल्यास २०१४ च्या दुरुस्तीने दंड ठरवलेला आहे: प्रत्येक कमी उमेदवारामागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये आणि त्यानंतर दरमहा १,००० रुपये.

उमेदवाराचे वय किमान १४ वर्षे आणि धोकादायक उद्योगात किमान १८ वर्षे पूर्ण असावे. उमेदवार अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालील असेल, तर करारपत्र त्याच्या पालकाने करावयाचे असते. आयटीआय उत्तीर्ण उमेदवार थेट प्रत्यक्ष प्रशिक्षणाला घेता येतो. शाळेतून थेट आलेल्या उमेदवाराला मात्र आधी मूलभूत प्रशिक्षण द्यावे लागते.

नोंदणी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर होते. पदवी आणि पदविकाधारकांसाठी शिक्षण मंत्रालयाचे नॅट्स हे वेगळे पोर्टल असून पश्चिम विभागाचे काम मुंबईच्या शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण मंडळाकडे आहे. आस्थापनेने पॅन, कारखाना किंवा दुकान नोंदणीचा दाखला, मनुष्यबळाचा तपशील, बँक खाते आणि संपर्क अधिकाऱ्याची माहिती तयार ठेवावी. उमेदवाराकडून आधार, गुणपत्रिका, आयटीआयचे प्रमाणपत्र, छायाचित्र आणि लागू असल्यास जातीचा दाखला घ्यावा. व्यवसाय (फिटर, इलेक्ट्रिशियन यांसारखा ट्रेड) निवडून जागा जाहीर केल्यावर उमेदवाराशी करारपत्र करावे आणि कलम ४ प्रमाणे त्याचा तपशील ७ दिवसांच्या आत पोर्टलवर भरावा. त्यात काही हरकत असल्यास शिकाऊ उमेदवारी सल्लागाराने, म्हणजे या अधिनियमाखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याने, ती १५ दिवसांत कळवायची असते. आयटीआयच्या व्यवसायांबाबत शंका असेल, तर जिल्ह्यातील मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रात, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेल्या बीटीआरआयमध्ये, प्रत्यक्ष जाऊन विचारावे. चुकीचा व्यवसाय निवडून नंतर करारपत्र दुरुस्त करत बसण्यापेक्षा तो हेलपाटा परवडतो.

विद्यावेतनाचे २०१९ चे किमान दर असे: पाचवी ते नववी ५,००० रुपये, दहावी ६,००० रुपये, बारावी किंवा आयटीआय ७,००० रुपये, पदविका ८,००० रुपये आणि पदवी ९,००० रुपये. दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ द्यावी लागते. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने या दरांत ३६ टक्के वाढीची शिफारस केली, म्हणून करारपत्रात रक्कम लिहिण्यापूर्वी त्या दिवशी पोर्टलवर दिसणारा दर पाहावा. विद्यावेतन नगावर किंवा उत्पादनावर देता येत नाही, आणि ते पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत मिळाले पाहिजे.

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण दरमहा कमाल १,५०० रुपये, सोसते. सात हजारांच्या उमेदवाराबाबत पंचवीस टक्के १,७५० होतात, तरी सरकारचा वाटा १,५०० आणि मालकाचा ५,५०० रुपये राहतो. सरकारचा वाटा ऑगस्ट २०२३ पासून थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो, आणि येथेच बारीक अडचण येते. खाते आधारशी जोडलेले नसेल तर हा वाटा जमा होत नाही. मालकाने आपला वाटा वेळेवर दिलेला असतो, पण मुलाला वाटते की पगारातून दीड हजार कापले गेले. करारपत्राआधीच त्याला बँकेत पाठवून जोडणी करून घ्यावी आणि पासबुक एकदा स्वतः पाहावे.

ओव्हरटाइमचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ऑर्डर अंगावर आली की मालक सर्वप्रथम शिकाऊ मुलांनाच थांबवतो. सल्लागाराच्या मंजुरीशिवाय शिकाऊ उमेदवाराला जादा वेळ काम देता येत नाही आणि प्रशिक्षणाशी संबंध नसलेल्या कामालाही लावता येत नाही. प्रशिक्षणात इजा झाल्यास कलम १६ नुसार भरपाईची जबाबदारी मालकावर आहे; त्यामुळे हेल्मेट, हातमोजे आणि गार्ड लावलेले मशीन त्यालाही इतरांइतकेच मिळाले पाहिजे.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना या कायद्याहून वेगळी आहे. तिची नोंदणी स्वतंत्र असते आणि विद्यावेतन राज्य सरकार देते. तिच्यातील प्रशिक्षणार्थ्याला अधिनियमाखालचा शिकाऊ उमेदवार धरू नये.

प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती मालकावर नाही, मात्र कलम २२ प्रमाणे उमेदवारांना नोकरीत घेण्याबाबतचे धोरण प्रत्येक आस्थापनेने स्वतः ठरवायचे असते. हे धोरण लेखी करून रुजू होण्याच्या दिवशीच उमेदवाराला वाचून दाखवावे.