घरपट्टी एकदा चढली की कमी होत नाही?

‘नमुना ८ वर (ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत) चढलेली घरपट्टी कमी होत नाही’ असं गावोगाव सांगतात. तसं नाही. दर ४ वर्षांनी फेरआकारणी होते, आधी यादी लागते आणि हरकती मागवल्या जातात.

नमुना ८ चा उतारा काढा आणि फिता घेऊन घर मोजा. मग क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर ताडून पाहा. खरी गफलत प्रकारात असते: मातीच्या कवेलू घराला आरसीसीचा दर लागतो, किंवा ढोरांचा कोठा राहत्या घरात धरला जातो. जुन्या घराला घसारा, म्हणजे वयानुसार किमतीतली घट, मिळायला हवा. बांधकामाचं वर्ष चुकलं की तोही बुडतो.

हरकत मुदतीत, लेखीच द्या, मोजमाप जोडा, पोच घ्या. तोंडी सांगणं कुठंच नोंदवलं जात नाही. ग्रामपंचायतीत दुरुस्ती झाली नाही, तर पंचायत समितीकडे अपील करता येतं.